ठासणीच्या जुन्या लष्करी बंदुका: शिक्के कसे वाचायचे, भाग मूळचे आहेत का ते कसं ओळखायचं (सातारा-सांगली)

वैराटगड

वाईजवळच्या एका घरातली ठासणीची बंदूक तपासायची आहे. परवाना पिढीजात आहे, नूतनीकरण झालेलं आहे. परवान्यावर वर्णन फक्त 'एस.बी.एम.एल.' (एक नळी, तोंडातून भरायची) एवढंच. घरात परंपरेने सांगतात की ही सातारच्या महाराजांच्या फौजेतली.

आत्तापर्यंत घेतलेल्या नोंदी:
एकूण लांबी १३९७ मिमी. नळी ९९० मिमी. नळी दस्त्याला तीन लोखंडी कड्यांनी धरलेली. बटप्लेट, चापाचं कडं आणि दस्त्याच्या टोकाची टोपी पितळी. लॉकच्या (घोडा आणि खटक्याच्या यंत्रणेच्या) पट्टीवर मागे मुकुट आणि त्याखाली व्ही.आर. (राणी व्हिक्टोरियाची आद्याक्षरं), पुढे 'टॉवर' (लंडनच्या सरकारी शस्त्रागाराचं नाव) आणि १८६२. बटप्लेटच्या वरच्या जिभेवर देवनागरीत १७८६, त्याखाली ४२. गज (दारू-गोळी ठासायची सळई) आखूड, नळीच्या तोंडापर्यंत पोचत नाही. मागची माशी (नेम धरायची खूण) शिडीची नाही, एक साधा ठोकळा आहे.

प्रश्न असे:
नळीत पीळदार खाचा दिसत नाहीत. झिजून गेल्या असतील का?
लॉक १८६२ चं आणि बटप्लेट १७८६ ची, म्हणजे बट दुसऱ्या बंदुकीची का?
मधल्या कडीच्या आतली खूण बाकी दोन कड्यांशी जुळत नाही. कडी बदलून घ्यावी का?

माहुली_संगम

उत्तरांच्या आधी एक काम. बंदूक भरलेली नाही याची खात्री केलीत का? ठासणीच्या बंदुका भरलेल्या अवस्थेतच माळ्यावर गेलेल्या बऱ्याचदा सापडतात, आणि कोरडी राहिली तर काळी दारू शंभर वर्षांनीही पेटते.

घोडा अर्ध्या खटक्यावर ठेवा, निपलवर (घोडा आपटतो त्या छोट्या नळकांडीवर) ठिणगी पाडणारी टोपी नाही हे बघा. तुमचा गज आखूड आहे, तो वापरू नका. करंगळीएवढी जाड, सरळ लाकडी काठी नळीत हळूच शेवटपर्यंत सोडा, ठोकू नका. नळीच्या तोंडाशी काठीवर चिकटपट्टीची खूण करा. काठी काढून नळीला बाहेरून लावा. टोक निपलच्या बैठकीजवळ, बोटभर अंतरात आलं पाहिजे. चार-पाच सेंटीमीटर कमी भरली तर आत काहीतरी आहे. तिथून पुढे कशालाही हात लावायचा नाही. खरवडायचं नाही, तापवायचं तर मुळीच नाही. पोलीस ठाण्याला कळवून परवानाधारक बंदूक-कारागिराकडून रिकामी करून घ्यायची. हे सगळं करताना तोंड कोणाकडेही नको, आपल्या चेहऱ्याकडेही नको.

आता घरातल्या समजुतीबद्दल. सातारचं राज्य इंग्रजांनी १८४८ मध्ये खालसा केलं. लॉक १८६२ चं असेल तर ही बंदूक सातारच्या फौजेची असूच शकत नाही. पण त्या वेळी औंध, फलटण, जत, भोर, सांगली, मिरज ही संस्थानं होती आणि त्यांच्याकडे शिबंदी होती. घरच्यांनी सांगितलेलं अगदीच खोटं असेल असं नाही, 'महाराज' दुसरे असू शकतात.

मिरज_किल्ला_वेस

खाचांबद्दल. नळीचा आतला व्यास मोजल्याशिवाय 'झिजल्या' म्हणू नका. तीन कड्यांच्या, ९९० मिमी नळीच्या बंदुकीला सगळे सरसकट '१८५३ ची एनफील्ड' म्हणतात. त्या रायफलचा व्यास ०.५७७ इंच, म्हणजे १४.६६ मिमी, आणि आत तीन रुंद उथळ खाचा, ७८ इंचांत एक पूर्ण पीळ. तीन खाचा गजाच्या घर्षणाने तोंडापाशी झिजतात, पण बुडाकडे राहतातच.

१८५७ नंतर हिंदी पलटणींना रायफल द्यायची नाही असं ठरलं. त्यांच्यासाठी बाहेरून तशीच दिसणारी, पण आतून गुळगुळीत बंदूक काढली, व्यास ०.६५६ इंच, म्हणजे १६.६६ मिमी. १८५८ च्या नमुन्यात १८५३ च्याच नळ्या आतून मोठ्या केल्या, त्यामुळे नळीची भिंत पातळ झाली. १८५९ च्या नमुन्यात नळी जाड केली. दोन्हींवर शिडीच्या माशीऐवजी ठोकळा. तुमच्याकडे ठोकळा आहे, वर्ष १८६२ आहे, म्हणजे माझा कौल १८५९ च्या नमुन्याकडे.

व्हर्नियर कॅलिपरचे आतले जबडे दीडेक सेंटीमीटरच आत जातात. तिथे दोन मापं घ्या, एक उभं, एक आडवं. दोन्हींत फरक आला तर तोंड गजाने अंडाकृती झालंय, लहान माप धरा. आत टॉर्च टाकून बुडाकडे बघा, सलग आरसा दिसतो का रेघा.

आणखी एक खूण शोधा. बुडाजवळ नळीच्या डाव्या अंगाला शिक्के असतील. तिथे '२५' हा आकडा आहे का? तो खाजगी व्यापाराच्या नळ्यांवर ०.५७७ व्यासासाठी मारत, एका पौंड शिशाच्या २५ गोळ्या होतील असं माप. नळीवर २५ आणि आतून १६.६ मिमी, असं आलं तर नळी चाचणीनंतर कोणीतरी मोठी केलेली आहे, बहुधा छऱ्याच्या शिकारीसाठी. तशी बंदूक सरकारी गुळगुळीत नमुना नाही. हा फरक विकणारे सांगत नाहीत.

चाफळ_खोरे

१७८६ वर कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. तो इसवी सन असेल असं गृहीत का धरलं? देवनागरीत कोरलेला आकडा आपल्याकडे शकाचा असण्याची शक्यता जास्त. शके १७८६ + ७८ = १८६४. गुढीपाडवा १८६४ ते १८६५ चा मार्च. लॉक १८६२ चं, बंदूक बोटीने येऊन इथे जमा व्हायला दोन वर्षं, मग शस्त्रागारात नोंद. मला तर हा आकडा अगदी जुळतो. खालचा ४२ हा घोडीवरचा क्रमांक, म्हणजे शस्त्रागारातल्या रांगेतली जागा.

जुन्या बंदुकांवरचे आकडे वाचताना कोणता काळ आहे ते आधी ठरवावं लागतं. उदाहरणार्थ एका तोड्याच्या बंदुकीवर १२११ आहे असं धरा. हिजरी असेल तर १७९६-९७. दख्खनी फसली (महसुली सन) असेल तर १८०१-०२. शुहूर असेल तर १८१०-११. एकाच आकड्यात चौदा वर्षांचा फरक. मराठी दप्तरात शुहूर सन सर्रास, तो मृगापासून सुरू होतो, आकड्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे. फारसी अक्षरांसोबत आला तर हिजरी आधी तपासा. विक्रम संवत इकडे क्वचित, नेपाळी बंदुकांवर मात्र हमखास.

शंकेखोर_कऱ्हाड

चाफळ यांचं गणित बरोबर, पण निष्कर्ष घाईचा वाटतो. चार आकडी संख्या नुसता नोंद-क्रमांकही असू शकतो. 'शके' किंवा 'श' असं अक्षर आधी हवं. वैराटगड, त्या जिभेवर आकड्याच्या डावीकडे काही आहे का? पितळ घासून घासून अक्षरं सपाट झालेली असतात.

वैराटगड

आत काही नाही, काठीने तपासलं, पूर्ण खोली मिळाली. व्यास तोंडाशी उभा १६.९, आडवा १६.७. बुडाकडे सलग आरसा, रेघा नाहीत. नळीवर '२५' कुठेच नाही. मुकुट, बाण (सरकारी मालाची खूण) आणि फुलीसारखे ठेवलेले दोन राजदंड अस्पष्ट दिसतात. बटप्लेटवर काळं किटण आहे, डावीकडे काही आहे का ते कळत नाही. पितळ चिंचेने घासावं का?

माहुली_संगम

चिंच नको, लिंबू नको, राख नको, ब्रासो नको. पितळेवरचं कोरीव काम एक-दोन दशांश मिलिमीटर खोल असतं. दरवर्षी दसऱ्याच्या आधी चिंचेने घासलेल्या पितळेवर पन्नास वर्षांत काही उरत नाही.

असं करा. सुती कापडावर रॉकेलचे दोन थेंब, त्या जागेवर दहा मिनिटं ठेवा. लाकडी दातकोरणीने अक्षराच्या खाचेतलं किटण काढा, फक्त खाचेतलं. कोरडं करून खडूची पूड बोटाने चोळा आणि सपाट भाग पुसा, पूड खाचेत राहते. खोली अंधारी करा आणि मोबाइलचा टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरा. चारही दिशांनी एकेक फोटो. वरून पाडलेल्या उजेडात न दिसणारं अक्षर आडव्या उजेडात उठून येतं. पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिलने ठसा घेता आला तर तोही घ्या.

लोखंडावरच्या गंजाला तेलात चोवीस तास भिजवून तांब्याच्या नाण्याच्या कडेने हलकं खरवडणं चालतं. तांबं लोखंडापेक्षा मऊ, ओरखडा उठत नाही. पोलिश पेपर आणि ड्रिलला लावायचा तारेचा ब्रश घरात असेल तर या कामाच्या वेळी कपाटात कुलूप लावून ठेवा.

मिरज_किल्ला_वेस

व्यास, ठोकळा, '२५' नसणं, बाण असणं, व्ही.आर. असणं, पाचही गोष्टी एका बाजूला. नुसता मुकुट आणि 'टॉवर' असतं, व्ही.आर. नसतं, बाणही नसता, तर बर्मिंगहॅमच्या व्यापारी मालाचा संशय घेतला असता. 'टॉवर' हा शब्द त्या व्यापाऱ्यांनी मुक्तपणे वापरलाय, त्याच्यावर एकट्यावर भिस्त ठेवू नये. बर्मिंगहॅमचा खाजगी चाचणी-शिक्का म्हणजे मुकुटाखाली राजदंडांची फुली आणि कोनांत बी, पी, सी किंवा व्ही ही अक्षरं, १८१३ ते १९०४.

बाणाचे प्रकार दोन लक्षात ठेवा. बाणाखाली 'आय' हे अक्षर म्हणजे हिंदुस्थान सरकारची मालमत्ता. दोन बाण टोकाला टोक लावून म्हणजे लष्कराने सेवेतून काढून विकलेली.

दंडोबा_पायथा

कड्यांचं सांगतो, कारण 'जुळणी' या शब्दाने इथे गोंधळ होतो. पुढच्या काळातल्या ली-एनफील्डवर अनुक्रमांक असतो, तो नळीवर, बोल्टच्या दांड्यावर, मागच्या माशीच्या पानाखाली, पुढच्या टोपीवर असा चार-पाच ठिकाणी मारलेला असतो, आणि सगळीकडे एकच हवा. १८६० च्या आसपासच्या ठासणीच्या बंदुकीवर असा अनुक्रमांक नसतोच. तो शोधून सापडला नाही म्हणून बंदूक बनावट ठरत नाही.

एनफील्डच्या सरकारी कारखान्यात यंत्रावर केलेले भाग एकाचे दुसऱ्याला बसतात. 'टॉवर' शिक्क्याची बंदूक मात्र कंत्राटदारांकडच्या हातकामाची. प्रत्येक भाग कानशीने घासून त्याच बंदुकीला बसवलेला, दुसरीला लावायला गेलं तर एकतर लटपटतो नाहीतर चढत नाही. जोडणाऱ्याने भाग एकत्र राहावेत म्हणून कानशीच्या किंवा छिन्नीच्या रेघा मारल्या, तीन रेघा किंवा रोमन आकडा. बघायच्या जागा: तिन्ही कड्यांची आतली बाजू, कड्यांच्या स्क्रूंची डोकी, नळीची खालची बाजू बुडापाशी, दस्त्यातली नळीची खोबण, लॉकच्या पट्टीची आतली बाजू, बुडाच्या जिभेचा मोठा स्क्रू. पाच ठिकाणी एक आणि सहाव्या ठिकाणी दुसरी खूण असेल तर सहावा भाग बदललेला.

वैराटगड, मधल्या कडीवर रेघा किती आणि कडी घट्ट बसते का? तिच्याखालच्या लाकडावर दाब पडलेला पट्टा कडीच्या रुंदीएवढाच आहे का? रुंदी जुळत असेल आणि पट्टा गुळगुळीत, काळा असेल तर ती कडी दीडशे वर्षं तिथेच आहे, मग खूण वेगळी का असेना. शस्त्रागारात दोन मोडक्या बंदुकांतून एक चांगली करत. तशी कडी काढून परदेशातून 'बरोबर' कडी मागवणं मला अजिबात पटत नाही. एक खरी दुरुस्ती पुसून तिच्या जागी तुम्ही आजचा बनाव ठेवता.

घटप्रभा

दंडोबा, मी वेगळं म्हणेन. कडी गेल्या वीस-तीस वर्षांत कोणी बसवली असेल, मापात चुकीची असेल, लाकूड खात असेल तर काढलीच पाहिजे. फक्त काढलेला भाग फेकू नये, चिठ्ठी बांधून बंदुकीसोबत ठेवावा.

दंडोबा_पायथा

लाकूड खात असेल तर मान्य. म्हणूनच पट्टा बघायला सांगितला.

उघडायचा क्रम इथेच देतो, सगळे उलट करतात.
गज आधी बाहेर. घोडा अर्ध्या खटक्यावर. लॉकचे दोन स्क्रू डावीकडून येतात, ते पूर्ण काढू नका, तीन-चार फेरे सैल करा. मग स्क्रूच्या डोक्यांवर स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने आळीपाळीने हलके टोले, लॉक दोन्ही टोकांनी सारखं वर येतं. कडेला पातं घालून उचकटलं की लाकडाचा टवका गेलाच. लॉक सुटल्यावर जिभेचा स्क्रू, मग कड्या सैल करून तोंडाकडे सरकवा, नळी तोंडाच्या बाजूने उचला.
पातं समांतर घासलेलं हवं, खाचेत पूर्ण रुंदी आणि पूर्ण खोली भरणारं. बाजारातलं निमुळतं पातं वर सरकतं आणि खाच फाटते. पुठ्ठ्यावर बंदुकीची आकृती काढा, जिथला स्क्रू तिथेच टोचून ठेवा. हातकामाच्या बंदुकीत दोन बाजूचे स्क्रू एकमेकांच्या जागी बसत नाहीत.
लॉकच्या आतली मोठी स्प्रिंग पकडीने काढू नका, त्यासाठी चिमटा-शिकंजा वेगळा मिळतो. नसेल तर लॉक बाहेरून पुसा, आत तेलाचा एक थेंब आणि बस्स.
रिकामा घोडा निपलवर आपटू नका. अर्धा खटका तपासायचा तर अंगठ्याने घोडा धरून चाप दाबा, सुटला नाही पाहिजे.
निपलही बघा. जुने इंग्रजी आटे आणि आजचे मेट्रिक आटे वेगळे. मूळ निपल साधारण ७.९ मिमी, तिथे एम-८ चा तुकडा फिरवून बसवलेला खूप ठिकाणी दिसतो, त्याने बैठकीचे आटे कायमचे मरतात.

कृष्णेचा_घाट

लाकडाबद्दल सांगलीकरांसाठी. २०१९ आणि २०२१ च्या पुरात भिजलेल्या दस्त्यांच्या तक्रारी अजून येतात. भिजलेली बंदूक उन्हात ठेवणं ही सगळ्यात मोठी चूक, अक्रोड बाहेरून आधी सुकतं आणि लॉकच्या खोबणीपासून चीर जाते. नळी आणि लॉक पहिल्याच दिवशी वेगळे करा, कारण लाकूड फुगलं की स्क्रू अडकतात. धातू कोरडा करून तेल. दस्ता सावलीत, हवेशीर, आडवा, तीन-चार आठवडे. मग हातावर दोन-चार थेंब उकळलेलं जवसाचं तेल घेऊन चोळा, पंधरा मिनिटांनी कोरड्या फडक्याने सगळं पुसा. कच्चं जवसाचं तेल आठवडाभर चिकट राहतं. खोबरेल नको, घट्ट होऊन धूळ धरतं. टचवुड, पॉलिश, लाख काही नको.

दस्ता मूळचा का? इंग्रजी बंदुकीचा दस्ता अक्रोडाचा. शिसवाचा असेल तर जड, गडद, जांभळट रेषांचा. सागाचा असेल तर वास आणि तेलकट हात सांगतो. दोन्ही इथे बदललेले. चीर जोडायची तर सरस वापरा, अ‍ॅराल्डाइट नव्हे. सरस कोमट पाण्याने पुन्हा सुटतो, चूक सुधारता येते. मिरजेच्या तंतुवाद्य कारागिरांना लाकडाची जात आणि सरस दोन्ही नीट कळतं, सुटा दस्ता घेऊन विचारायला हरकत नाही.

खंडेनवमीला हळद-कुंकू नळीवर ओलं लावतात आणि तसंच ठेवतात. त्या ठिपक्याखाली गंजाचा खड्डा पडतो, आणि लोक तो नेमका लॉकच्या पट्टीवर, शिक्क्यावर लावतात. पूजा बटच्या लाकडावर करा, किंवा बंदुकीखाली पाट ठेवून त्यावर. पूजा झाली की त्याच संध्याकाळी पुसून तेल. नंतर बासनात किंवा फलालिनीत गुंडाळू नका, कापड पावसाळाभर ओल धरतं.

विश्रामबाग_सांगली

मागून भरायच्या स्नायडर आणि मार्टिनी रायफलींवर दोन ओळी कोणी देईल का? लॉक १८६१ आणि मागे उघडणारी नळी, हे जुळतं का?

मिरज_किल्ला_वेस

जुळतं. स्नायडर १८६६ मध्ये स्वीकारली आणि सुरुवातीच्या सगळ्या ५३ च्या रायफलींचंच रूपांतर. नळीचा मागचा अडीच इंच तुकडा कापून तिथे खोका बसवला, म्हणून नळी ३९ ऐवजी ३६.५ इंच. लॉक जुनं असणं अपेक्षितच. पाचर उजवीकडे उघडते. खिटी असेल तर मार्क तीन, त्यात रूपांतर नाही, नळी नवीन पोलादी, तिथे १८६१ चं लॉक आलं तर मात्र थांबा.

मार्टिनी-हेन्री १८७१ ची, व्यास ०.४५०, सात खाचा, २२ इंचांत एक पीळ. खालची तरफ लांब असेल तर मार्क चार. उजव्या अंगावर मुकुट, व्ही.आर., कारखाना, वर्ष. वायव्य सरहद्दीवरच्या नकलांत इंग्रजी 'एन' किंवा 'एस' उलटा असतो, कारण शिक्का कोरणाऱ्याला अक्षर येत नव्हतं. व्ही.आर. आणि वर्ष १९०२ किंवा पुढचं असेल तर दुसरा पुरावा लागत नाही, राणी जानेवारी १९०१ मध्ये वारली. अंगावर देवनागरी आकडे असतील आणि आतली रचना वेगळी असेल तर नेपाळी गहेंद्र असू शकते, वर्ष विक्रम संवताचं, ५७ वजा करा.

ईस्ट इंडिया कंपनीच्या चकमकीच्या बंदुका असतील तर लॉकवर चार भागांचं हृदय १८०८ पर्यंत, पुढे मुकुट धरलेला सिंह. कंपनीचा अंमल १८५८ ला संपला, सिंह आणि त्यापुढचं वर्ष एकत्र आलं तर पट्टी बनावट. ओतीव बनावट पट्टीत अक्षराच्या कडा गोल आणि तळात बारीक फोड दिसतात. खऱ्या ठोकलेल्या शिक्क्याची कड धारदार असते आणि कडेला धातू किंचित उचललेला असतो.

माहुली_संगम

कायद्याचं थोडक्यात. शस्त्र अधिनियम १९५९, कलम ४५: जुन्या पद्धतीचं किंवा पुरातन मूल्याचं शस्त्र, जे दुरुस्त करूनही वापरता येणार नाही, त्याला सूट. 'दुरुस्त करूनही' हे शब्द महत्त्वाचे. वैराटगडांची बंदूक चालू शकते, परवाना लागतोच, आणि हा निर्णय मालकाने स्वतः करायचा नाही. परवानाधारक वारले तर वारसांनी शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून अर्ज करायचा. कलम ८: कोणताही क्रमांक किंवा खूण पुसणं, बदलणं गुन्हा. नंतर मारलेला परवान्याचा क्रमांक कुरूप दिसला तरी हात लावू नका. दुरुस्तीचं काम परवानाधारकानेच करायचं. ०.३०३ ची रायफल प्रतिबंधित वर्गात येते, ती 'संग्रहासाठी' कोणी देऊ केली तर त्या वाटेला जाऊ नका. शंभर वर्षांवरच्या वस्तूला पुरावशेष कायदा १९७२ लागू होतो, परदेशात पाठवता येत नाही.

वैराटगड

खडूची पूड आणि आडवा टॉर्च. आकड्याच्या डावीकडे 'श' स्पष्ट आहे, त्याच्या पुढे अर्धवट 'के'. ठसाही घेतला.

मधल्या कडीवर चार रेघा, बाकी दोन कड्यांवर, नळीखाली आणि खोबणीत तीन. लाकडावरचा पट्टा कडीएवढाच रुंद, काळा, गुळगुळीत. कडी तशीच ठेवतोय. निपल एम-८ चा निघाला, काढलेला नाही.

शंकेखोर_कऱ्हाड

मग शके १७८६ मान्य. माझा आक्षेप मागे.

मिरज_किल्ला_वेस

१८५९ चा नमुना म्हणायला आता माझी हरकत नाही. घरात जुनी संगीन असेल तर तिच्या नळकांड्याचा आतला व्यास मोजा. या नमुन्याची नळी जाड असल्याने ५३ ची संगीन हिच्यावर चढत नाही. चढत असेल तर नळीचा विचार पुन्हा करावा लागेल.

निपल परवानाधारक कारागिराकडेच काढून घ्या. आटे वाचले असतील तर ते तपासूनच नवा घालायला सांगा, 'थोडा मोठा आटा पाडतो' म्हणाला तर बंदूक परत घ्या.

माहुली_संगम

आणि निवडणुकीच्या आचारसंहितेत शस्त्र जमा करताना पावतीवर 'एक ठासणीची बंदूक' एवढंच लिहून घेऊ नका. लॉकवरचं वर्ष, नळीची लांबी, व्यास, बटप्लेटवरचा मजकूर 'शके १७८६, ४२' आणि मधल्या कडीवरच्या चार रेघा, एवढं लिहून घ्या. त्या दिवशीचे फोटो पावतीसोबत ठेवा. परत घेताना गज, निपल आणि तिन्ही कड्या तिथेच, ठाण्यातच ताडून बघा.